मोंतान्यार निर्वासित कुटुंबांसाठी भाषा आणि संस्कृतीचे वर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्ग चालवणारे, मुलांना वर्गात पाठवणारे पालक आणि बाहेरून मदत करू पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना राज्याला धरून आहेत, कारण व्हिएतनामबाहेरची सर्वांत मोठी मोंतान्यार वस्ती तिथल्या ग्रीन्सबरो शहरात आणि आसपास आहे. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एकाचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे तो क्रमांक सांगितला आहे.

१. मोंतान्यार म्हणजे नेमके कोण?

व्हिएतनामच्या मध्यवर्ती डोंगराळ पठारावरचे मूळ रहिवासी. 'मोंतान्यार' हा फ्रेंच शब्द आहे, अर्थ डोंगरी लोक. राडे (व्हिएतनाममध्ये एडे), जराय, बाहनार, कोहो, म्नोंग, स्तिएंग, सेदांग, च्रू असे अनेक समूह त्यात येतात. अमेरिकेत आलेल्यांपैकी बरेच जण स्वतःला 'देगा' किंवा 'देगार' म्हणवतात, काहींना फक्त आपल्या समूहाचं नाव आवडतं. समोरच्या कुटुंबाला विचारावं आणि ते सांगतील तेच वापरावं.

व्हिएतनाम युद्धात यांतले हजारो पुरुष अमेरिकन सैन्याबरोबर लढले. १९६४मध्ये स्थापन झालेल्या 'फुलरो' या पठारावरच्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे काही सैनिक १९७५मध्ये युद्ध संपल्यावरही जंगलात राहिले. १९८६मध्ये दोनशेच्या आसपास लोकांचा पहिला गट थायलंडच्या सीमेवरून उत्तर कॅरोलिनात आला. १९९२मध्ये कंबोडियाच्या मोंडुलकिरी प्रांतात शस्त्रं खाली ठेवलेले सुमारे चारशे जण आले, आणि पठारावरच्या २००१च्या निदर्शनांनंतर पळालेले सुमारे नऊशे जण २००२मध्ये. वर्गासाठी हा इतिहास कामाचा आहे. १९९२च्या गटातल्या अनेकांची शाळेची वर्षं जंगलात गेली, त्यामुळे भाषा अस्खलित आणि वाचन मात्र अडखळत, असे आजोबा वर्गात हमखास भेटतात.

२. 'मोंतान्यार भाषा' शिकवता का?

अशी एक भाषा नाही. राडे, जराय आणि च्रू या चाम गटातल्या, म्हणजे मलाय आणि इंडोनेशियन ज्या कुळात आहेत त्याच ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या. बाहनार, कोहो, म्नोंग, स्तिएंग आणि सेदांग या ऑस्ट्रोएशियाटिक, म्हणजे ख्मेरच्या कुळातल्या. राडेत 'दोन, तीन, चार' हे 'दुआ, त्लाव, पा', जरायमध्ये 'दुआ, क्लाव, पा', तर बाहनारमध्ये 'बार, पेंग, पुआन'. राडे आणि जराय मुलं एकमेकांचं थोडंफार ओळखतात. बाहनार मुलाला त्या वर्गात काहीच कळत नाही.

म्हणून भाषेचा वर्ग समूहागणिक वेगळाच हवा. दोनच मुलं असतील तरी वेगळा. गाणी, विणकाम, स्वयंपाक, खेळ हे एकत्र चालतं. 'सगळ्यांना राडे शिकवू, तीच जास्त जणांना येते' हा सोयीचा मार्ग अनेकदा सुचवला जातो आणि त्यातून लहान समूहांची कुटुंबं वर्ग सोडून जातात. त्यांच्या मुलांच्या डोक्यावर इंग्रजी आणि व्हिएतनामीनंतर आणखी एक परकी भाषा बसते, दुसरं काही होत नाही.

३. आई जराय, वडील कोहो. मुलांनी कोणत्या वर्गात बसावं?

घरात जी भाषा रोज जास्त वेळ कानावर पडते तिच्या वर्गात. आजी-आजोबा घरात असतील तर बहुधा त्यांची. राडे, जराय, कोहो आणि म्नोंग समाज मातृवंशीय आहेत आणि मुलं आईच्या कुळाची मानली जातात, त्यामुळे काही कुटुंबं आपसूक आईची भाषा निवडतात. ते योग्यच आहे, पण आई रात्रपाळीला आणि मुलं दिवसभर वडिलांच्या आईजवळ असतील तर आजीची भाषा आधी पक्की होऊ द्यावी. पहिली दोन वर्षं एकच भाषा, मग हवी तर दुसरी. सुरुवातीपासून दोन्ही वर्गांना पाठवलेली मुलं साधारणपणे दोन्ही सोडतात.

४. व्हिएतनाममध्ये लाखो लोक या भाषा बोलतात. मग इथे एवढी धडपड कशाला?

व्हिएतनामच्या २०१९च्या जनगणनेत जराय पाच लाखांवर आणि राडे चार लाखांच्या जवळ होते. तिथे काही प्राथमिक शाळांत राडे, जराय आणि बाहनार विषय म्हणून शिकवल्याही जातात. पण तिथली संख्या ग्रीन्सबरोतल्या नातवाच्या उपयोगी पडत नाही. आई-वडील कारखान्यात पाळ्या करतात, मूल शाळेत आणि पडद्यावर इंग्रजी ऐकतं, आणि पाचव्या-सहाव्या वर्षी घरातही इंग्रजीत उत्तर द्यायला लागतं. आजीला इंग्रजी येत नाही. एका छपराखाली राहून दोघांचं बोलणं 'जेवलीस का, झोप आता' एवढ्यावर येतं. वर्ग आहे तो हे बोलणं पुन्हा वाढवण्यासाठी, आणि वर्ग चालला की नाही हेही त्यावरूनच ठरवावं.

५. याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

एक आहे, आणि खरा आहे. मेळघाटातली कोरकू ही मुंडा शाखेची भाषा, आणि मुंडा शाखा ऑस्ट्रोएशियाटिक कुळातलीच. म्हणजे बाहनार, कोहो, म्नोंग या कोरकूच्या फार दूरच्या बहिणी. बाहनारमध्ये दोन म्हणजे 'बार', कोरकूत 'बारी'. म्नोंग आणि बाहनारमध्ये पाणी म्हणजे 'डाक', कोरकूत 'डा'. उलट राडेतला 'दुआ' आपल्या 'दोन'सारखा वाटतो, तो निव्वळ योगायोग आहे. मलायमध्येही 'दुआ'च आहे आणि त्याचं मूळ ऑस्ट्रोनेशियन आहे.

६. घरात आपली भाषा बोलली तर मुलांचं इंग्रजी कच्चं राहील ना?

नाही. दोन भाषा ऐकल्याने मुलाचं बोलणं मागे पडत नाही. सुरुवातीला दोन्हींतले शब्द मिसळतात, प्रत्येक भाषेतला शब्दसाठा थोडा कमी दिसतो, दोन्ही मिळून मोजला तर बरोबरीचा असतो. मूल खरोखरच उशिरा बोलत असेल तर ते दोन्ही भाषांत उशिरा बोलेल, आणि तेव्हा तपासणी करून घ्यावीच.

नुकसान होतं ते वेगळ्या ठिकाणी. शाळेच्या सांगण्यावरून पालक स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलू लागतात. मग मुलाला धड इंग्रजीही मिळत नाही आणि घरची गोष्टीवेल्हाळ, समृद्ध भाषाही नाही. शाळेतून असा सल्ला आला तर नम्रपणे नाकारावा.

७. वर्ग सुरू करायला कमीत कमी काय लागतं?

भाषा बोलणारी दोन मोठी माणसं, सगळे भाषागट मिळून सहा ते दहा मुलं, आणि आठवड्याच्या एका ठरलेल्या वेळी हमखास उघडी मिळणारी खोली. दोन माणसं यासाठी की एकाला कारखान्यात ओव्हरटाइम लागला तरी वर्ग बंद पडू नये. सलग दोन रविवार दार बंद दिसलं की तिसऱ्या रविवारी निम्मी मुलं येत नाहीत.

जागेसाठी चर्च सर्वांत सोपं पडतं. ग्रीन्सबरोतली बरीच मोंतान्यार कुटुंबं प्रोटेस्टंट आहेत, काही कॅथलिक, आणि रविवारी प्रार्थनेनंतर सगळी तिथे असतातच. पण एका चर्चच्या इमारतीत वर्ग म्हणजे दुसऱ्या चर्चची मुलं येणार नाहीत, हेही लक्षात घ्यावं. तसं असेल तर वाचनालयाची खोली किंवा वसाहतीचं सामुदायिक सभागृह बरं. ग्रीन्सबरोतच मोंतान्यार देगा असोसिएशन ही समाजाची जुनी संस्था आहे, जागा आणि माणसं शोधताना आधी तिथे विचारावं.

शिक्षक तोच, ज्याला भाषा येते आणि मुलं आवडतात. पदवी लागत नाही. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पार्श्वभूमी-तपासणी मात्र करून घ्यावी, आणि खोलीत नेहमी दोन मोठी माणसं असावीत.

८. दीड तासाच्या वर्गात काय काय घ्यायचं?

पहिली पंधरा मिनिटं नुसतं बोलणं. खोलीत बसलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्याजवळ जाऊन मुलाने त्याला योग्य नात्याने हाक मारायची आणि एक प्रश्न विचारायचा. राडेत मोठ्या भावासारख्याला 'अयोंग', मोठ्या बहिणीसारखीला 'अमाय', धाकट्याला 'अदेई'. कोणाला काय म्हणायचं हे ठरवतानाच मुलांना नाती उलगडतात. त्यानंतर चाळीस मिनिटं हाताचं एखादं काम : भाजी निवडणं, दोरा गुंडाळणं, बांबू घासणं, चित्र काढणं. काम करताना तीच तीच क्रियापदं वीस-तीस वेळा कानावर पडतात, आणि वाक्य असंच बसतं. मग वीस मिनिटं वाचन-लेखन, शेवटी गाणं आणि घरी करायचं एक काम.

नवे शब्द एका वेळी सहा ते आठ, तेही सुटे नाहीत. 'भात', 'पाणी', 'चमचा' असे तक्ते पाठ झालेल्या मुलाला 'मला अजून थोडा भात दे' म्हणता येत नाही. घरचं कामही लिहायचं नको : 'आजीला विचार, लहानपणी तू पाणी कुठून आणायचीस', आणि पुढच्या रविवारी उत्तर सांग. यात आजीलाही गृहपाठ मिळतो.

सर्वांत जास्त बिघाड होतो तो मुळाक्षरांपासून सुरुवात केल्याने. दोन-तीन महिने अक्षरं गिरवली जातात, सुट्टी लागते, आणि मूल एकही वाक्य न बोलता घरी जातं. अक्षरं कधी आणायची ते प्रश्न ९मध्ये.

९. लिपी कोणती? ती कधी शिकवायची?

व्हिएतनाममधून आलेल्या समूहांची लिपी रोमन आहे. बाहनारचं लेखन एकोणिसाव्या शतकात पठारावरच्या 'कोन तुम' या भागातल्या कॅथलिक मिशनऱ्यांनी सुरू केलं, राडेचं विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत फ्रेंच अमलाखाली बसवलं गेलं. इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला निम्मी अक्षरं आधीच येतात, म्हणून घाई नको. मूल चाळीस-पन्नास वाक्यं सहज बोलू लागलं की सुरू करावं. इंग्रजी वाचन पक्कं झालेलं, आठ वर्षांपुढचं मूल मग काही आठवड्यांत वाचू लागतं.

तीन गोष्टींवर मुलं अडखळतात. एक, स्वराच्या डोक्यावरची वाटीसारखी खूण. ती ऱ्हस्व स्वर दाखवते आणि गाळली तर शब्दच बदलू शकतो. दोन, पोटात आडवी रेघ असलेलं 'बी' आणि 'डी'. ती हवा जराशी आत ओढून उच्चारलेली 'ब' आणि 'ड' आहेत. इंग्रजीत हे आवाज नाहीत, त्यामुळे ते आजीच्या तोंडाकडे पाहतच शिकावे लागतात. तीन, शब्दाच्या सुरुवातीची जोडव्यंजनं, 'म्ल', 'क्प', 'क्ज' अशी. मुलं त्यांच्या मध्ये स्वर घुसवतात. सुरुवातीला घुसवू द्यावा, हळूहळू जातो.

व्हिएतनामीसारखे चढ-उताराचे सूर राडे, जराय किंवा बाहनारमध्ये नाहीत. व्हिएतनामी वाचायला शिकलेले पालक नकळत ते चढवतात, तेवढं सांभाळावं.

१०. फोनवर टाइप केलं की अक्षरं बिघडतात. काय करावं?

दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं, व्हिएतनामी 'टेलेक्स' कीबोर्ड चालू असणं. त्यात एस, एफ, आर, एक्स आणि जे ही अक्षरं सुराची खूण म्हणून वापरली जातात. 'क्सोर' हे जराय कुळनाव टाइप केलं की शेवटचा 'आर' गायब होऊन 'ओ'च्या डोक्यावर प्रश्नचिन्हासारखी खूण बसू शकते. उपाय : तो कीबोर्ड बंद करून खुणांची अक्षरं लांब दाबून मिळणारा साधा कीबोर्ड घ्यावा, किंवा संगणकावर स्वतःचा कीबोर्ड-आराखडा बनवावा.

दुसरं, फॉन्ट. आडव्या रेघेच्या 'बी'चं मोठं अक्षर युनिकोडमध्ये २००६ साली आलं, लहान अक्षर त्याआधीपासून होतं. जुन्या फॉन्टमध्ये मोठ्याच्या जागी चौकोन दिसतो. टोपी आणि वाटी अशा दोन खुणा एकावर एक असलेले स्वर तर एका अक्षरात मिळतच नाहीत, खूण वेगळी जोडावी लागते आणि साध्या फॉन्टमध्ये ती बाजूला सरकते. वर्गाच्या छापील कागदांसाठी 'चॅरिस' किंवा 'डूलॉस' हे मोफत फॉन्ट वापरावेत, ते अशाच भाषांसाठी बनवलेले आहेत. छपाईला नेहमी पीडीएफ पाठवावी.

११. आमच्या गावची बोली वेगळी आहे. वर्गात कोणाची भाषा शुद्ध धरायची?

राडेत क्पा, अधाम, म्धूर, क्तूल, बिह अशा बोली आहेत. बुओन मा थुओत शहराच्या आसपासची क्पा बोली लेखनात जास्त चालते. जरायमध्ये प्लेइकूची आणि चेओ रेओची बोली वेगळी, कोहोमध्ये स्रे, चिल, लाट वेगळ्या. नियम साधा ठेवावा : लिहिताना वर्गाने ठरवलेलं एकच वळण, बोलताना ज्याच्या त्याच्या आजीचं. शब्द वेगळा असेल तर फळ्यावर दोन्ही लिहावेत, शेजारी गावाचं नाव लिहावं.

वडीलधाऱ्यांना पहिल्याच दिवशी एक विनंती करावी : मुलाच्या उच्चाराला हसायचं नाही. प्रेमाने हसलं तरी नाही. बारा वर्षांच्या मुलाला एकदा सगळ्यांसमोर कोणी हसलं की ते त्या खोलीत पुन्हा तोंड उघडत नाही. चूक झाली तर तेच वाक्य बरोबर म्हणून पुढे बोलावं, एवढं पुरे.

१२. कंबोडियातून आलेल्या कुटुंबाची लिपी वेगळी दिसते. ती चूक आहे का?

चूक नाही. म्नोंग लोक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. मोंडुलकिरीतले स्वतःला बुनोंग म्हणतात आणि तिथे त्यांची भाषा ख्मेर लिपीवर आधारित अक्षरांत शिकवली जाते. व्हिएतनामकडचे म्नोंग रोमन लिहितात. बोलण्याचा वर्ग एकत्र चालतो. लेखनासाठी मुलांना रोमन द्यावी, कारण ती त्यांना शाळेतून येते. घरात ख्मेर लिपीतली पुस्तकं वाचणारं मोठं माणूस असेल तर तीही टिकवावी, पण पहिल्या वर्षी दोन लिप्या एकत्र नकोत.

१३. वाचायला पुस्तकं कुठली? फक्त बायबलच मिळतं.

घरोघरी बायबल आणि स्तोत्रांची पुस्तकं असतात, आणि अनेक आजी-आजोबा त्यांवरच वाचायला शिकले. मोठ्यांसाठी तो उत्तम मजकूर आहे. मुलांना मात्र त्यातली वाक्यं लांब पडतात, आणि 'माझा बूट सापडत नाही' हे त्यात कुठेच नसतं. १९६०-७०च्या दशकांत पठारावरच्या प्राथमिक शाळांसाठी बऱ्याच भाषांत चित्रमय वाचनमाला निघाल्या होत्या. एसआयएल या संस्थेच्या संग्रहात त्यांतल्या काही आहेत. त्यांतली चित्रं मुलांना परकी वाटतात, पण शब्दसाठा आणि पाठांचा क्रम चांगला आहे.

खरं वाचनपुस्तक वर्गातच तयार होतं. मुलाने आजीकडून आणलेलं उत्तर (प्रश्न ८) शिक्षकाने चार ओळींत लिहायचं, मुलाने चित्र काढायचं, आठ पानं घडी घालून मधोमध दोन पिना मारायच्या. प्रत्येक मुलासाठी एक प्रत. वर्षभरात पंधरा-वीस पुस्तिका होतात, आणि त्यांत आपल्याच आजीचं नाव असल्याने त्या वाचल्या जातात.

१४. हजेरीत नावांचा गोंधळ का होतो?

राडे पुरुषाच्या नावाआधी रोमन 'वाय' येतो, स्त्रीच्या नावाआधी 'एच' आणि वर स्वल्पविरामासारखी खूण. ही लिंग दाखवणारी चिन्हं आहेत, आद्याक्षरं नव्हेत. अमेरिकन कागदपत्रांत 'वाय' हेच पहिलं नाव बनतं आणि खरं नाव मधलं म्हणून गळतं. एका वर्गात पाच मुलगे 'वाय' नावाचे निघतात ते यामुळे. आणि इथे एक मोठा अपवाद आहे : कोन तुमकडच्या बाहनार आणि सेदांग लोकांत 'वाय' स्त्रीच्या नावाआधी लागतो, पुरुषांना 'ए'. म्हणून नुसत्या 'वाय'वरून मुलगा की मुलगी हे ठरवू नये.

कुळनाव आईकडून येतं : राडेत निए, म्लो, एबान, जरायमध्ये सिउ, क्सोर, नाय, र्चोम. अमेरिकेत काही मुलांना वडिलांचं लागतं, म्हणून सख्ख्या भावंडांची आडनावं वेगळी दिसू शकतात. त्यात मोठ्या माणसांना पहिल्या अपत्याच्या नावाने हाक मारतात : 'अमा' म्हणजे वडील, 'अमी' म्हणजे आई, पुढे मुलाचं नाव. बुओन मा थुओत या शहराचं नावही असंच, थुओतच्या वडिलांचं गाव. हजेरीच्या वहीत तीन रकाने करावेत : कागदोपत्री नाव, घरचं नाव, आईचं कुळ.

१५. मुलांना गाँग शिकवायचे आहेत. किती लागतील? शेजारी तक्रार करतील का?

गाँग म्हणजे ठोकून वाजवायची धातूची थाळी. मध्य पठारावरच्या गाँग-संस्कृतीची युनेस्कोने २००५मध्ये दखल घेतली आणि २००८मध्ये ती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. या वादनाची रीत अशी की एका माणसाच्या हातात एक गाँग आणि त्याचा एकच आवाज. धून बनते ती सगळ्यांचे ठोके एकमेकांत गुंफून. राडे वादक लांब बाकावर बसून वाजवतात, जराय आणि बाहनार रांगेत चालत वाजवतात. राडे संचाला ढोलासकट दहाच्या आसपास माणसं लागतात, जराय-बाहनार संचाला बहुधा त्याहून जास्त. दोन मुलं गैरहजर असतील तर धुनीत भोकं पडतात. म्हणून प्रत्येक जागेसाठी दोन मुलं तयार करावीत.

गाँग विकत घेण्याआधी बांबूवर शिकवावं. राडे परंपरेत 'चिंग क्राम' नावाचा बांबूचा संच आहेच : बांबूची पट्टी पोकळ नळीच्या तोंडावर धरून ठोकायची. आवाज हलका, खर्च नगण्य, आणि ठोक्यांची गुंफण तीच. सुरुवात दोन मुलांनी करावी, एकाचा ठोका दुसऱ्याच्या मधल्या रिकाम्या जागेत. ते जमलं की तिसरा. पहिल्याच दिवशी दहा जणांना उभं केलं तर गलका होतो आणि मागची मुलं नुसती नक्कल करत राहतात.

खरे गाँग मिळाले तर दोन काळज्या. ते हातोडीने ठोकून सुरात आणलेले असतात, त्यामुळे पडले किंवा एकावर एक रचले तर सूर बिघडतो आणि तो पुन्हा लावणारा माणूस अमेरिकेत सहज सापडत नाही. प्रत्येकाला वेगळी कापडी पिशवी हवी. आणि सराव सभागृहातच करावा. भाड्याच्या सदनिकेत पाच मिनिटांत दार वाजेल.

१६. विणकाम आणि स्वयंपाक भाषेच्या वर्गात कशाला?

कारण आजीची सर्वांत नेमकी भाषा तिच्या हातांच्या कामात असते. पाठीला बांधायच्या हातमागावर ताणा, म्हणजे उभे धागे, विणणारीच्या कमरेच्या पट्ट्याने ताणलेला असतो. ती मागे रेलली की घट्ट होतो, पुढे वाकली की सैल. 'रेल', 'सोड', 'उचल', 'ठोक' ही क्रियापदं शरीरातूनच शिकली जातात. काळ्या किंवा गडद निळ्या कापडावर लाल पट्टे ही नेहमीची रंगसंगती. मुलांना पूर्ण वस्त्र नको, चार बोटं रुंदीचा पट्टा पुरे. ताण सारखा न राहिल्याने कडा आत ओढल्या जातात, तिथे दर दहा-बारा ओळींनी फूटपट्टी लावून रुंदी बघावी.

स्वयंपाकात कसाव्याच्या पानांची भाजी हा चांगला धडा आहे, एका अटीवर. कच्च्या पानांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. पानं बारीक कुटायची, भरपूर पाण्यात झाकण न ठेवता चांगली उकळायची, ते पाणी फेकायचं आणि मग शिजवायचं. वर्गाला ताजी पानं आणण्यापेक्षा आशियाई किंवा आफ्रिकी दुकानातली गोठवलेली, कुटलेली पानं घ्यावीत, आणि तीही उकळावीतच. कडू वांगी, गवती चहा, मिरच्या उत्तर कॅरोलिनाच्या उन्हाळ्यात अंगणात होतात. रोपं घरात करून दव गोठायचं थांबल्यावर बाहेर लावावीत.

१७. आम्ही ख्रिस्ती आहोत. जुन्या विधींबद्दल मुलांना शिकवावं का?

जुन्या गावात गाँग वाजायचे ते बहुधा बळी, दफन किंवा सुगीच्या विधीत, आणि रांजणातली तांदळाची दारू नळीने पिणं हा त्यांचा भाग होता. काही कुटुंबांना मुलांनी यातलं काही पाहू नये असं वाटतं. त्यांच्यावर जबरदस्ती नको. करणं आणि सांगणं वेगळं ठेवलं की बरेचसे वाद मिटतात : वर्गात विधी होत नाही, पण तो कसा व्हायचा हे आजोबा सांगू शकतात. ज्यांना नको त्यांच्या मुलांना त्या दिवशी दुसरं काम द्यावं, आणि हे आठवडाभर आधी कळवावं. रांजण दाखवायला हरकत नाही, रिकामा असावा.

१८. आजीच्या गोष्टी रेकॉर्ड करायच्या आहेत. फोन चालेल का?

चालेल. विमान-मोड लावावा, फोन घडी घातलेल्या टॉवेलवर तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा, पंखा आणि टीव्ही बंद करावा. फ्रिजची घरघर नंतर काढता येत नाही, म्हणून स्वयंपाकघर टाळावं. ॲपमध्ये वेव्ह प्रकार निवडावा. सुरुवातीला तिच्याच भाषेत तारीख, भाषा, मूळ गाव आणि विषय बोलून घ्यावा, आणि हे कोणाला ऐकवायला तिची परवानगी आहे तेही. एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटं पुरे. तीन प्रती ठेवाव्यात, एक दुसऱ्या घरी.

राडेत 'खान', जरायमध्ये 'ह्री', बाहनारमध्ये 'होमोन', म्नोंगमध्ये 'ओत न्द्रोंग' अशा दीर्घ गेय कथांच्या परंपरा आहेत. कोणाला त्यातला तुकडा जरी येत असेल तरी तो आधी रेकॉर्ड करावा, पाककृती नंतर. युद्ध आणि पलायनाचा विषय मुलाकडून विचारून घेऊ नये. आजी स्वतः बोलली तर ऐकावं, थांबली तर थांबावं.

१९. वर्गाचे व्हिडिओ फेसबुकवर टाकावेत का?

उघडपणे टाकू नयेत. अनेकांचे नातेवाईक अजून पठारावर आहेत, आणि व्हिएतनाममध्ये 'देगार' हे नाव राजकीय संशयाने पाहिलं जातं. नाव, मूळ गाव आणि चेहरा एकत्र आला की तिकडच्या माणसाला त्रास होऊ शकतो. बंद गटातही गावाचं नाव आणि पूर्ण नाव लिहू नये. व्हिएतनाममधून पळून बँकॉकमध्ये राहणाऱ्या मोंतान्यार कुटुंबांच्या बाबतीत तर जागा आणि वेळही कुठे लिहू नये : थायलंडने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि तिथे या लोकांना अटकेची भीती कायम असते. त्यांच्यासाठी दोन-तीन घरांचा घरातल्या घरात चालणारा वर्ग आणि फोनवरून पाठवलेले आवाजी धडे हाच मार्ग आहे.

२०. माझ्या मुलाला सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच देतो.

हा सर्वांत चांगला विद्यार्थी आहे, भाषा आत आहे. त्याला नवशिक्यांत बसवू नका, कंटाळेल. 'राडेत बोल' असा हुकूमही नको. इंग्रजी न येणाऱ्या माणसाशी त्याचं खरं काम पडू द्या : आजीला फोन लावून दुकानातून काय आणायचं ते विचारणं, धाकट्या चुलतभावाला खेळाचे नियम समजावणं. तुम्ही त्याचं इंग्रजी उत्तर तुमच्या भाषेत म्हणून पुढे बोला आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. पाच-सात सेकंदांची शांतता पालकांना सहन होत नाही आणि तेच इंग्रजीवर येतात.

२१. तेरा-चौदा वर्षांची मुलं यायचंच बंद करतात.

लहानांच्या खोलीत बसवलं तर बंद करणारच. त्यांना काम द्यावं : रेकॉर्डिंग, पुस्तिकांची मांडणी, कीबोर्ड बनवणं, गाँगच्या तालमीत धाकट्यांना ठोका दाखवणं. वेळही फुटबॉलच्या सामन्यांशी भिडत असेल तर वेळ बदलावी, मुलांशी भांडू नये.

२२. घरात आता भाषा बोलणारं कोणीच उरलं नाही. उपयोग आहे का?

आहे, पण अपेक्षा वेगळी ठेवावी. आठवड्याला दीड तासाने मूल अस्खलित होणार नाही. अशा मुलाला वर्गातल्या एका वडीलधाऱ्याशी जोडून द्यावं आणि आठवड्यातून दोनदा दहा मिनिटांचा फोन ठरवावा. त्या आजीलाही बोलायला कोणीतरी हवंच असतं. पालकांना भाषा समजत असेल, पण ते बोलायला लाजत असतील तर त्यांनाही वर्गात बसवावं (प्रश्न ११मधला न हसण्याचा नियम त्यांनाही लागू).

२३. आम्ही मराठी, जवळच राहतो. भाषा येत नाही, पण मदत करायची आहे.

गाडीने मुलांची ने-आण हे सर्वांत मोठं काम आहे, कारण पालकांची पाळी आणि वर्ग बहुतेक वेळा एकाच वेळी येतात. त्याखालोखाल सभागृहाचं आरक्षण, अनुदानाचे इंग्रजी अर्ज, छपाई. भाषेबद्दलचे निर्णय समाजातल्या माणसांनाच घेऊ द्यावेत, शब्दांच्या स्पेलिंगपर्यंत.

एक गोष्ट आवर्जून करावी. दवाखान्यात किंवा शाळेत मोंतान्यार आजीसाठी व्हिएतनामी दुभाषी बोलावला जातो, 'व्हिएतनामची आहे ना' म्हणून. तिला कामचलाऊ व्हिएतनामी येत असलं तरी आजार किंवा औषध समजावून घेण्याइतकं येत नाही, आणि ती संकोचाने 'हो' म्हणत राहते. सोबत गेलात तर तिची भाषा नावाने सांगा, राडे, जराय, बाहनार जी असेल ती, आणि त्याच भाषेचा दुभाषी मागा. फोनवरचाही चालतो. नातवाला दुभाषी करू नका, त्याच्याकडे ते शब्द नसतात आणि आजी त्याच्यासमोर दुखणं लपवते.